क्लचचा दोष आणि पारखण्याची मजुरी

दुकानाचे शटर अडले तर गिऱ्हाईक परत जाते. मालाची गाडी अडली तर मालच येत नाही. दोन्हींत नुकसान सारखेच. तरीही आमच्या व्यापारी बांधवांना विचारून पाहा, आपल्या पिकअपचा क्लच कशावर चालतो, वायरवर की तेलावर? बहुतेकजण म्हणतील, ते ड्रायव्हरला ठाऊक. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही उत्तर हेच होते. या अज्ञानापायी आम्ही पैसे तर घालवलेच, शिवाय एका गरीब माणसाच्या पगारावर नाहक हात टाकला. म्हणून आज कापडाचा भाव बाजूला ठेवून क्लचवर लिहीत आहोत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, तेव्हा भाषेत कुठे खोट आढळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. यंत्राच्या बाबतीत मात्र जे लिहिले आहे ते जाणकारांकडून खात्री करून लिहिले आहे.

आमचे दुकान पिंपळे सौदागरला आहे. गावाच्या नावातला सौदागर हा शब्द मूळचा फारसी. आता तिथे सौदागरांपेक्षा हिंजवडीला जाणारे भाडेकरू जास्त, पण तो विषय वेगळा. भिवंडीहून ड्रेस मटेरियल आणि शर्टिंग आणायचे, राजगुरुनगर, तळेगावच्या दुकानदारांना पोहोचवायचे आणि चाकणच्या ठेकेदारांना कामगारांच्या गणवेशाचे कापड द्यायचे, असा आमचा व्यवहार. त्यासाठी एक पिकअप ठेवलेली आहे.

२०२४ च्या रमजानची गोष्ट. ईद ११ एप्रिलला होती, आणि तिला बारा दिवस राहिले असताना आम्ही भिवंडीहून माल भरून निघालो. आम्ही स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना खर्र असा आवाज झाला. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘शेठ, पायडल खालीच राहिलं.’’ त्याने गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले. मागे ट्रकांची रांग, समोर मगरिबची वेळ. खजूर आणि पाण्यावर दोघांनी तिथेच रोजा सोडला. ड्रायव्हरने बॉनेट उघडून पाहिले तर डबीतले ब्रेक ऑईल निम्म्याखाली. एका ट्रकवाल्याकडून बाटली मिळाली. ते ओतले, पॅडल पाच-सहा वेळा मारले, तेव्हा गिअर पडला. पुढे प्रत्येक गिअरला दोनदा-तीनदा पॅडल मारत रात्री उशिरा घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडी जवळच्या एका गॅरेजात दिली. तिथल्या मिस्त्रीने चावी फिरवली, पॅडल एकदा दाबले आणि निकाल दिला: ‘‘प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरावा लागेल.’’ ईदचा सीझन, माल गाडीतच, आम्ही ‘करा’ म्हणालो. प्लेट, प्रेशर प्लेट, बेरिंग, मजुरी मिळून ११,८०० रुपये झाले आणि दोन दिवस गेले. आम्ही ते पैसे एका शब्दानेही घासाघीस न करता मोजले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गाडी तीन दिवस बरी चालली. मग नाशिक फाट्याजवळ सिग्नलला उभी असताना आपोआप पुढे सरकली आणि पुढच्या मोटारीच्या बंपरला टेकली. मोटारवाल्याने जागेवर ३,००० रुपये घेतले. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की, पॅडल पूर्ण दाबलेले होते, पाय हललाही नव्हता. आम्ही म्हणालो, नवी प्लेट टाकून तीन दिवस झालेत, आता क्लचला काय धाड भरली? चूक तुझ्या पायाची. ते ३,००० आम्ही त्याच्या पगारातून कापायचे ठरवले. रमजानमध्ये, ईदच्या तोंडावर.

आता आधी हा क्लच काय प्रकार आहे ते पाहू, म्हणजे त्या ड्रायव्हरचे म्हणणे खरे कसे होते ते कळेल.

आकुर्डीच्या बजाज चेतक स्कूटरला क्लचची वायर असायची, रिक्षाला असायची. हाताने दांडी ओढली की वायर ओढली जायची आणि क्लच सुटायचा. वायर ताणली किंवा तुटली तर डोळ्यांना दिसते. त्यात गूढ काही नाही. पिकअपसारख्या बऱ्याच गाड्यांत मात्र वायरच्या जागी नळी असते आणि नळीत पातळ द्रव. पॅडलच्या मागे एक छोटा सिलेंडर असतो, त्याला मास्टर सिलेंडर म्हणतात. पॅडल दाबले की त्यातला पिस्टन द्रवाला ढकलतो. तो दाब नळीतून खाली गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलेंडरला पोहोचतो. हा स्लेव्ह सिलेंडर. त्याचा पिस्टन फोर्कला ढकलतो, फोर्क बेरिंगला, बेरिंग प्रेशर प्लेटला, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांची पकड सुटते. पाय उचलला की पकड परत बसते.

कापडवाल्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. कापसाच्या आणि कापडाच्या गाठी ज्या प्रेसमध्ये आवळल्या जातात, तिचे तत्त्व हेच. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने अशा प्रेसचे पेटंट १७९५ साली घेतले. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोहोचतो, आणि पिस्टन लहान-मोठा केला की जोर वाढवता येतो. मात्र एक अट आहे. नळीत फक्त द्रवच पाहिजे. हवा शिरली तर हवा दाबून लहान होते. मग पायाने दिलेली ढकल खाली पोहोचण्याऐवजी हवा दाबण्यातच खर्ची पडते. खाली फोर्कला हलायला फार थोडे अंतर लागते, पण तेवढेही मिळाले नाही तर क्लच पूर्ण सुटत नाही.

इथे सगळ्यांत महत्त्वाचा फरक येतो आणि गॅरेजात बरेचसे पैसे याच फरकाच्या घोटाळ्यात जातात. क्लच ‘सुटत नाही’ आणि क्लच ‘धरत नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. सुटत नाही म्हणजे गिअर पडताना खरखर होते, रिव्हर्स तर पडतच नाही, इंजिन बंद केले की मात्र सगळे गिअर गुपचूप पडतात, आणि गिअरमध्ये पॅडल दाबून उभी केलेली गाडी पुढे सरकते. धरत नाही म्हणजे याच्या उलट. गिअर छान पडतात, पण चढाला इंजिन नुसते ओरडते, गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. प्लेट झिजली की मुख्यतः दुसरा आजार होतो. द्रवाच्या दाबात खोट आली की पहिला. आमच्या गाडीला घाटात पहिला आजार होता, नाशिक फाट्यावरही पहिलाच. औषध दिले गेले ते दुसऱ्याचे.

नियम इतका सरळ असता तर मिस्त्रींची गरजच उरली नसती. मास्टर सिलेंडरमध्ये द्रव डबीकडे परत जायला एक बारीक छिद्र असते. ते कचऱ्याने बुजले, किंवा पॅडलच्या दांडीला थोडीही ढील ठेवली नाही, किंवा रबरी नळी आतून सुजून बंद झाली, तर दाब आतच अडकतो आणि नवी प्लेटसुद्धा धरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. खालच्या सिलेंडरचे निपल क्षणभर ढिले करायचे. दाब निघून गेल्यावर क्लच धरू लागला तर प्लेट निर्दोष, दोष वर आहे. दुसऱ्या बाजूने, प्लेट वाकडी झाली किंवा प्रेशर प्लेटची पाती तुटली तरी क्लच सुटत नाही, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. काही नव्या गाड्यांत तर स्लेव्ह सिलेंडर घंटेच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स खाली घेण्यावाचून इलाज नाही, आणि घेतलाच आहे तर प्लेट, बेरिंगही बदलून टाकणे शहाणपणाचे. तेव्हा गिअरबॉक्स उतरवू म्हणणारा प्रत्येक मिस्त्री लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. तपासण्याआधी म्हणतो, तो चुकतो.

आमची गाडी शेवटी कासारवाडीच्या एका जुन्या उस्तादांकडे गेली. आकुर्डीत बजाज टेम्पोची मॅटाडोर बनत होती तेव्हापासून पाने हातात धरलेला हा माणूस. (कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले, पण उस्ताद अजून टेम्पोच म्हणतात.) त्यांनी गिअरबॉक्सकडे पाहिलेही नाही. इंजिन बंदच ठेवून पॅडलवर पाय ठेवला, बेताचा दाब दिला आणि आकडे मोजू लागले. वीस-बावीसपर्यंत पॅडल आपोआप, मुंगीच्या पावलाने खाली बसत गेले. मग पाय काढून दोनदा भराभर मारले. पॅडल पुन्हा वर, कडक. ते पायाजवळ आडवे झाले, मास्टर सिलेंडरच्या तोंडावरचे रबर बोटाने मागे सारले आणि ओले बोट आम्हाला दाखवले. गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलेंडर पाहिला, तो कोरडा होता. रबरी नळी मुठीत धरून पोराला पॅडल मारायला सांगितले, नळी फुगली नाही. निपल उघडून पाहिले, बुडबुडा नाही. एवढ्याला पंधरा मिनिटे लागली असतील.

दोष मास्टर सिलेंडरच्या आतल्या रबरात होता. रबर झिजले की पिस्टनच्या पुढचा दाबलेला द्रव रबराच्या कडेने मागे निसटतो. पॅडल झटक्यात मारले तर निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून गिअर पडतो. सिग्नलला अर्धा मिनिट दाबून धरले की दाब हळूहळू पळून जातो आणि पाय पूर्ण दाबलेला असूनही क्लच धरतो. गाडी पुढे सरकते. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता ते अक्षरशः खरे होते. सिग्नलला न्यूट्रल करून उभे राहावे हे उस्तादांनी त्याला सुनावले, तेही बरोबरच; पण गाडी सरकली ती त्याच्या पायामुळे नव्हे. पहिल्या गॅरेजात जी तीन दिवसांची तब्येत सुधारली, ती नवे ब्रेक ऑईल भरून हवा काढल्याने. प्लेटचा तिच्याशी संबंध नव्हता. सुदैवाने जुनी प्लेट आम्ही मागून घेतली होती आणि ती गाडीतच पडून होती. उस्तादांनी तिच्या रिपिटांवर नख फिरवले. रिपिटे अजून चांगली खोल होती. म्हणजे प्लेटमध्ये बरेच आयुष्य शिल्लक होते.

मास्टर सिलेंडर १,४५०, मजुरी ४००, ब्रेक ऑईल १८०, आणि शेवटच्या ओळीत ‘पाहण्याचे’ २५०. एकूण २,२८०. आम्ही म्हणालो, ‘‘उस्ताद, हे पाहण्याचे कसले? पाहिल्याशिवाय काम होते का?’’ त्यांनी काही उत्तर दिले नाही. वही ओढली, २५० वर काट मारली आणि खाली बेरीज पुन्हा केली: २,०३०.

रात्री हिशेब लिहिताना दोन्ही बिले एकाखाली एक आली. जे निदान चुकले, त्याला ११,८०० बिनबोभाट. जे बरोबर आले, त्याचे २५० कापले. आम्हाला त्या रात्री जे वाटले ते इथे लिहीत बसत नाही.

आमचे म्हणणे असे की, हा आमच्या एकट्याचा दोष नाही. ही आपल्या बाजाराची रीत झाली आहे. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, कारण तो हातात घेता येतो, खोक्यातून निघतो, त्यावर छापील किंमत असते. बसवण्याची मजुरी नाखुशीने देतो. आणि दोष शोधण्याचे काहीच देत नाही, कारण ते दिसत नाही. मग मिस्त्रीने काय करावे? शोधण्यात एक तास घालवला तर त्याचा तो तास फुकट जातो. प्लेट टाकली तर मजुरी मिळते, वर स्पेअर पार्टवाल्याकडून कमिशन सुटते. शोधणाऱ्याला उपाशी आणि बदलणाऱ्याला तूपरोटी अशी व्यवस्था आपणच लावली आहे. मग गॅरेजात शिकणारी पोरेही खोलणे आणि बसवणे एवढेच शिकतात. पॅडलवर पाय ठेवून तीसपर्यंत मोजायला त्यांना कोण शिकवणार, आणि का?

यात आपल्या कापडवाल्यांचे वागणे तर फारच विचित्र. भिवंडीत दलाल काय करतो? थान उलगडून बोटाने चोळतो, उजेडाला धरतो, ताणा-बाणा पाहतो आणि सांगतो, हा घ्या, तो नको. त्याने सूत कातलेले नसते की माग चालवलेला नसतो. तो फक्त पारखतो, आणि त्या पारखीची दलाली आपण राजीखुशीने देतो, कारण चुकीचा माल आला तर किती बुडेल हे आपल्याला ठाऊक आहे. जुन्या हकिमाला नाडी पाहण्याचे पैसे देत असू, औषध मागाहून. एवढे कशाला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीला लॅपटॉप लावला की त्याचे वेगळे पैसे बिलात येतात आणि आपण मान डोलावून देतो. २०२० पासून बी.एस. ६ गाड्या आल्या, तेव्हापासून तर हे नेहमीचेच झाले आहे. यंत्राने पाहिले तर पैसे, माणसाने पाहिले तर मेहेरबानी! आणि साध्या मास्टर सिलेंडरचे रबर झिजले आहे हे लॅपटॉपवर दिसत नाही. ते पायालाच कळते.

यावर एका स्नेह्याने आम्हाला अडवले. म्हणाले, पाहण्याचे पैसे दिले तर मिस्त्री तेही घेईल आणि नको ते भागही टाकेल. शंका रास्त आहे. म्हणून आम्ही पाहणे आणि दुरुस्ती हे दोन व्यवहार वेगळे ठेवतो. आधी पाहण्याचे पैसे ठरवून देऊन टाकायचे आणि दोष काय, कशावरून, हे चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून घ्यायचे. ‘प्लेट गेली’ एवढे चालणार नाही. पॅडल बसते म्हणून मास्टर, किंवा चढाला ओढत नाही आणि निपल सोडूनही फरक नाही म्हणून प्लेट, असे कारणासह. मग काम तिथे करायचे की आणखी कुठे, हे आपल्या हातात. काहीजण सुचवतात की, काम तिथेच केले तर पाहण्याचे पैसे वळते करून घ्यावेत. हे आम्हाला मंजूर नाही. तसे केले की शोधणाऱ्याची रोजी पुन्हा दुरुस्तीच्या आकड्यावर अवलंबून राहते आणि गाडी फिरून गिअरबॉक्सपाशीच येते. आणि काढलेला जुना भाग प्रत्येक वेळी मागून घ्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण शिंप्याकडून उरलेले कापड मागत नाही काय?

कारागीर बांधवांनाही दोन शब्द सांगायला हवेत, कारण हे पान तेही वाचतात. पाहण्याचा दर मनात ठेवू नका, पाटीवर लिहा. उस्तादांनी तो बिलाच्या शेवटच्या ओळीत गुपचूप लिहिला, म्हणून आमच्यासारख्याला तो कापता आला. आधी सांगितला असता तर आम्ही कदाचित दुसरीकडे गेलो असतो, पण तो अपमान झाला नसता. या पट्ट्यात हुन्नर कमी नाही. टेल्कोची ४०७ १९८६ साली आली, छोटा हत्ती २००५ साली आला, चाकणला महिंद्राचा कारखाना २०१० साली उभा राहिला. भोसरी-चिंचवडच्या शेडमधून या गाड्यांचे असंख्य सुटे भाग बनून जातात. जिथे भाग बनतात तिथेच भागाचा दोष ओळखणाऱ्याला किंमत नाही. जुने भाग धुंडाळायला लोक चिखली-कुदळवाडीत जात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत तिथली शेकडो शेड आणि गोदामे पाडली गेली, तेव्हापासून सेकंडहँड गिअरबॉक्स किंवा सिलेंडरही पूर्वीसारखा सहज हाताला लागत नाही. म्हणजे चुकीचे निदान आता आणखी महाग पडते.

ब्रेक ऑईलबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या निम्म्या भानगडी तिथून सुरू होतात. मुळात हे नावच फसवे आहे. ते ऑईल नव्हेच. डॉट ३ आणि डॉट ४ या नावांनी मिळणारा हा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनापासून करतात. नावात ऑईल आहे म्हणून अडल्या वेळी कुणी डबीत इंजिन ऑईल ओततो, कुणी स्टिअरिंगचे. त्या खनिज तेलाने सिलेंडरमधली रबरे फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत मास्टर, स्लेव्ह, नळी सगळेच बदलावे लागते. घाटात आम्हाला त्या ट्रकवाल्याकडे खरे ब्रेक ऑईल मिळाले, हे नशीब. झाकणावर कोणता डॉट लिहिला आहे ते पाहून तोच घालावा. डॉट ५ म्हणून सिलिकॉनचा एक प्रकार असतो, तो यात कधीही मिसळू नये.

दुसरे, हा द्रव हवेतली ओल शोषतो. आपल्याकडचे चार महिने पावसाचे. पाणी कुठून आले असे विचारण्याची गरज नाही. नवा डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ पर्यंत. शिवाय पाण्याने सिलेंडर आतून गंजतो आणि त्या खरखरीत भिंतीवर रबर घासून फाटते. आमच्या डबीतला द्रव काढ्यासारखा काळा झाला होता. नवा असतो तो फिकट मधासारखा. गाडी घेतल्यापासून तो कुणी बदललाच नव्हता. दोन वर्षांतून एकदा बदलावा असे उस्तादांचे मत पडले. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये, ती बसल्या बसल्या ओल पिते. रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो.

डबीतली पातळी उतरली तर द्रव ओतून पुढे जाण्यापूर्वी तो गेला कुठे हे शोधावे. पायाखालची चटई उचलून पाहावी, गिअरबॉक्सखाली पाहावे. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तिथे क्लच गळतो आहे म्हणून कुणी दुर्लक्ष करील तर ते दुर्लक्ष ब्रेकपर्यंत पोहोचू शकते, आणि घाटात भरलेल्या गाडीला ब्रेक नसणे म्हणजे काय हे सांगायला नको.

हवा काढण्याचे काम दोघांनी करायचे. एकाने पॅडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली निपल अर्धा फेरा सोडायचे, नळी पारदर्शक असावी आणि तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडलेले. निपल आवळल्यानंतरच पाय उचलायचा. घाई करून आधी उचलला तर बाहेरची हवा उलटी आत जाते आणि दिवसभर मारत बसा. मधेच डबी रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीत निघालेला द्रव गाळूनही परत वापरायचा नाही. हे सांगावे लागते, कारण आम्ही वापरताना पाहिले आहे. आणि हवा वारंवार काढावी लागत असेल तर समजावे की कुठेतरी रबर गेले आहे. दर आठवड्याला हवा काढणे ही दुरुस्ती नव्हे.

ड्रायव्हरचे ३,००० आम्ही ईदच्या दोन दिवस आधी पगाराबरोबर परत केले आणि चूक आमची होती असे सांगितले. त्याने पैसे मोजले नाहीत, खिशात ठेवले. म्हणाला, ‘‘शेठ, घाटात तुम्ही शेजारीच होता. एकदा इकडे बसून पाय ठेवला असता तर तुम्हालाही कळलं असतं.’’ मे महिन्यात त्याने आमची नोकरी सोडली आणि चाकणच्या एका कंपनीच्या बसवर गेला. तिथे पगार बरा आहे असे कारण त्याने सांगितले. ते खरेही असेल.

उस्तादांचे २५० मात्र बरेच दिवस राहिले. पावसाळ्यात ब्रेकच्या कामाला गाडी नेली तेव्हा आम्ही आधी पाहण्याचे पैसे पुढे केले आणि मागचेही दिले. त्यांनी मागचे घेतले नाहीत. आताचे घेतले, आणि मागे उभ्या असलेल्या पोराला हाक मारून म्हणाले, ‘‘चल, आधी पायडलवर पाय ठेव.’’ डबीच्या झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने तारीख लिहून दिली आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी द्रव बदलायचा आहे.